गौंडर वकिलाचं स्टूल

आमच्या बेटावर, लंबासा गावात घर घ्यायचं असो, दुकान विकायचं असो, की भावाभावांत उसाचं शेत वाटायचं असो, बेकरीशेजारचा लाकडी जिना चढावाच लागतो. वर पेरुमल गौंडर बसतो. गावात आणखी दोन वकील आहेत, पण ते फौजदारीचे. कुणी कुणाचं डोकं फोडलं की लोक त्यांच्याकडे जातात. डोकी शाबूत ठेवून जमिनीवरून भांडायचं असेल तर गौंडर.

एकतीस वर्षं तो त्याच खोलीत आहे. अर्ध्या लंबासाचे करार त्याच्या कपाटात पडलेत, लाल फितीने बांधलेले. बाजारातल्या कुठल्या गाळ्याची भिंत कुणाची, कुठल्या शेताचा भाडेपट्टा कधी संपतो, कुठल्या म्हातारीने घर कुणाच्या नावे केलंय आणि कोण समजतंय की आपल्या नावे केलंय, सगळं त्याला ठाऊक. आणि एवढं ठाऊक असलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी जेवायला बोलावत नाही.

आधी बोलवायचे. तोच जायचा नाही.

त्याच्या गाडीच्या डिकीत एक घडीचं स्टूल असतं. नदीवर मासे धरायला बसतात तसलं, हिरव्या कापडाचं. सही घ्यायला, हद्द बघायला कुणाच्या घरी गेला की आधी स्टूल उघडणार, मग त्यावर बसणार. सगळं घर खाली चटईवर आणि हा वीतभर वर. कुणी चहा पुढे केला तर म्हणायचा, "काकी, माझ्याजवळ पाणी आहे." आणि पिशवीतून खरंच बाटली काढायचा. लग्नात अहेर पाठवायचा, स्वतः यायचा नाही. मयताला यायचा, पण रस्त्यापलीकडे उभा राहायचा.

बायको दमयंती मुलीच्या बाळंतपणासाठी ब्रिस्बेनला गेली, सहा महिन्यांसाठी. तो नातू आता चौथीत आहे.

दुपारी खोलीचं दार ओढून घेऊन तो डबा खायचा. दोन रोट्या, बटाट्याची भाजी, आंब्याचं लोणचं. मी कधी वर गेलो तर डब्यावर झाकण ठेवायचा, जणू मी वाटा मागणार होतो.

माझं त्याच्याशी नातं भांडणाचं. मी कूळ संघाचा चिटणीस, बिसेसर. शाळा सहावीत सुटली. जुनी सरकारी राजपत्रं गौंडर रद्दीत काढायचा, बेकरीवाला त्यात पाव बांधायचा, आणि मी पाव खाऊन झाल्यावर कागद वाचायचो. कायदा मी तसा शिकलो. मग एक दिवस जिना चढून त्याला म्हणालो, "वकील साहेब, तुम्ही या कलमाचा अर्थ चुकीचा लावता." त्याने चष्म्यावरून बघितलं. म्हणाला, "तुमच्या कागदावर तेल सांडलंय, बिसेसर. पुढची ओळ त्याखाली आहे." पुढची ओळ खरंच तेलाखाली होती. तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी मी त्याच्या टेबलावर मूठ आपटतो.

सुखदेई काकीचं प्रकरण मीच त्याच्याकडे नेलं.

काकी अडुसष्ट वर्षांची. नवरा रामफल दोन वर्षांपूर्वी वारला. नदीपलीकडे त्यांचं उसाचं शेत, आणि शेताच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, टिनाचं घर. जमीन आपिसाईच्या भाऊबंदांची; ते इथले मूळ रहिवासी, त्यांची जमीन आम्ही पट्ट्याने कसतो. तीस वर्षांचा पट्टा डिसेंबरअखेर संपत होता. शेत ती सोडायला तयार होती, ऊस तोडणार कोण आता. तिला हवं होतं फक्त घर आणि भोवतालचा एक एकर. तो मिळाला नाही तर जानेवारीत तिला कपड्यांची पेटी घेऊन बाहेर पडायचं होतं.

"मुलगा कॅनडात बोलावतोय ना," गौंडर म्हणाला.

"बोलावतोय," काकी म्हणाली. "जाऊन काय करू? काचेतून बर्फ बघू? इथं माझं अंगण आहे. गुरुवारी चार माणसं येऊन बसतात. रामफलच्या वेळेपासून येतात. तिथं माझ्या अंगणात कोण येणार, पोस्टमन?"

त्याच जागेवर रघबीरचा डोळा होता. रघबीरची लाकडाची वखार, आणि रस्त्यालगतची जागा त्याला गोदामासाठी हवी होती. तो गौंडरचा वीस वर्षांचा अशील. तो त्याच आठवड्यात जिना चढला, तेव्हा गौंडरने त्याला सरळ सांगितलं, "या जागेपुरता दुसरा वकील बघा. सुखदेई आधी आल्या." रघबीर हसून खाली गेला. त्याला वाटलं असावं, म्हातारीचं काही होत नाही.

गौंडरने अर्ज लिहायला घेतला आणि मध्येच थांबला.

"बिसेसर, कागदाच्या आधी कुणीतरी आपिसाईकडे जाऊन बसायला हवं. रामफल दर वर्षी जायचा. दोन वर्षं कुणी गेलेलं नाही. तुम्ही नंगोना घेऊन जा, बसा, बोला. मग मी पत्र पाठवतो."

नंगोना ही एका झुडपाची मुळी. कुटायची, फडक्यात घालून पाण्यात पिळायची आणि लाकडी परातीतून करवंटीने एकेकाला द्यायची. दारूसारखी चढत नाही. जीभ जड होते आणि माणूस बसून राहतो. बसून राहावं यासाठीच ती. आमच्याकडे जमीन मागायची, माफी मागायची, मुलगी मागायची, तर मुळ्यांची जुडी घेऊन जायचं, चटईवर मांडी घालायची, जुडी पुढे ठेवायची आणि मग तोंड उघडायचं. कागद त्यानंतर.

हे मला कुणी सांगायला नको होतं. पण माझं डोकं तेव्हा तापलेलं होतं. तीस वर्षं घाम गाळलेल्या बाईने आणि हात जोडत जायचं? "भीक मागायची आहे का?" मी म्हणालो. "अर्ज कायद्याने होतोय."

"कायद्यानेच होतोय. तुम्ही जाऊन या."

आठ दिवसांनी त्याने विचारलं, "जाऊन आलात?"

"हो, झालं ते," मी म्हणालो.

मी गेलो नव्हतो.

पत्र गेलं. दहाव्या दिवशी आपिसाईने ते परत पाठवलं, पाकीट फोडलेलं, आत तोच कागद, आणि आणणाऱ्याच्या तोंडी निरोप: "कागद आधी आला. माणूस आलाच नाही. रामफलच्या घराला आम्ही मेलो काय?"

गौंडरने निरोप ऐकला. माझ्याकडे एकदा बघितलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. तो बोलला असता तर मी भांडलो असतो, तेवढी तयारी मी जिन्यावरच केली होती. न बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

मग मी गेलो. जुडी घेऊन, मान खाली घालून. आपिसाई सत्तरीचा, दाराएवढा रुंद, आणि आमची बोली आमच्यापेक्षा झणझणीत बोलतो. त्याने जुडी उचलली नाही.

"ये, तवाले," म्हणाला. तवाले म्हणजे मेहुणा. ज्याची खोड काढायची त्याला इथे तवाले म्हणतात. "आज वाट सापडली वाटतं. गेल्या महिन्यात पूल तुटला होता का?"

"चूक झाली, काका."

"चूक तुझी नाही. पत्राखाली तुझं नाव नाही. ज्याने लिहिलं त्याला पाठव. आणि त्याला सांग, स्टूल घरी ठेव."

"तो कुणाकडे बसत नाही, काका. त्याचा नियम आहे."

"मग आमचाही नियम आहे," आपिसाई म्हणाला. जुडी त्याने पायाने नाही, हाताने, अगदी अदबीने माझ्याकडे परत सरकवली. ते पायाने सरकवण्यापेक्षा वाईट.

गौंडरला सांगितलं तेव्हा तो उठून खिडकीपाशी गेला. खाली बेकरीची चिमणी धूर सोडत होती.

"नाही," म्हणाला.

मी टेबलावर मूठ आपटली. "म्हातारी रस्त्यावर येईल, आणि तुम्हाला मांडी घालता येत नाही?"

"मांडी घालता येते. तुम्हाला ऐकायचंय का, की फक्त आपटायचंय?"

मी मूठ टेबलावरून काढली.

त्याने सांगितलं ते असं. वकिली सुरू करून तीनच महिने झाले होते. दोन भाऊ वाटणी करायला आले. सगळं ठरलं, सकाळी सह्या. आदल्या दिवशी संध्याकाळी थोरल्याने हाक मारली, या साहेब, एक करवंटी घेऊन जा. हा बसला. तरुण होता, कुणी साहेब म्हटलेलं आवडलं होतं. धाकटा रस्त्याने सायकलवरून चालला होता. त्याने बघितलं. सकाळी तो आलाच नाही. म्हणाला, वकील माझ्या भावाच्या परातीतला आहे. अकरा वर्षं केस चालली. ऊस शेतात वाळला. धाकटा त्या अकरा वर्षांतच मेला.

"कागद अगदी सारखा होता, बिसेसर," गौंडर म्हणाला. "फूटपट्टी लावून वाटणी केली होती मी. कुणी कागद बघितला नाही. मी कुठं बसलोय ते बघितलं."

"मग?"

"मग या गावात असा कोण आहे, जो उद्या माझा अशील नसेल किंवा समोरच्या बाजूला नसेल? एकाकडे बसलो तर सगळ्यांकडे बसायला हवं. ते जमणार नाही. म्हणून कुणाकडेच नाही."

खरं बोलायचं होतं, की चूक माझी, मी खोटं सांगितलं. त्याऐवजी मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

"पण पट्टा डिसेंबरात संपतो. शनिवारी दुपारी जाऊ," तो म्हणाला. "सुखदेईंना सांगा."

शनिवारी त्याने गाडी आपिसाईच्या गावाबाहेर चिंचेखाली उभी केली. डिकी उघडली, स्टुलाकडे बघितलं, आणि डिकी बंद केली. काकी मागे पदर सावरत उतरली. जुडी त्याने स्वतः आणली होती, बाजारातून निवडून, वर्तमानपत्रात बांधून.

आत दहाबारा माणसं चटईवर. गौंडर चौकटीशी चपला काढून वाकला, खाली बसला, आणि त्याचे गुडघे असे वाजले की पलीकडच्या दोघी बायका तोंडाला हात लावून हसल्या. त्याने जुडी पुढे ठेवली.

"हे पत्र मी लिहिलं," तो म्हणाला. "पत्रात काही चूक नव्हती."

मी डोळे मिटले.

"पण पत्राच्या आधी यायला हवं होतं. आलो नाही. ती चूक माझी. दुसऱ्या कुणाची नाही. या बाईंची तर मुळीच नाही."

दुसऱ्या कुणाची नाही, हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी चटईच्या विणीकडे बघत होतो.

बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं, तो आवाज तेवढा येत होता. मग आपिसाई म्हणाला, "बघा रे. वकील माफी मागतो तीही केस जिंकत जिंकत."

सगळे हसले. त्याने जुडी उचलून घेतली, टाळ्या वाजल्या, आणि काकीने इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला.

कुटणं झालं, पिळणं झालं. पहिली करवंटी गौंडरपुढे आली. आधी एक टाळी वाजवायची असते, तळहात पोकळ करून. तो विसरला. आपिसाईच्या पुतण्याने त्याच्या कानात सांगितलं. त्याने टाळी वाजवली, शाळेत हजेरी द्यावी तशी, आणि एका दमात करवंटी रिकामी केली. सगळ्यांनी तीन टाळ्या दिल्या. त्याचा चष्मा धुरकटला होता की काय कोण जाणे, त्याने तो काढून मांडीवर ठेवला आणि तसाच बसला.

"सात पट्टे केलेस तू या गावाचे," आपिसाई त्याला म्हणाला. "सातही वेळा स्टुलावर. आम्ही म्हणायचो, गुडघे दुखत असतील बिचाऱ्याचे. मग कळलं, गुडघे नाही. आमच्याशेजारी बसणं दुखतं."

"दुखत नव्हतं," गौंडर म्हणाला.

"मग?"

गौंडरने दुसरी करवंटी घेतली, तिसरी घेतली. चौथ्या वेळी टाळी न सांगता वाजवली. आपिसाईने त्याला विचारलं, तुझं स्वतःचं घर कुणाच्या जमिनीवर? तो म्हणाला, भाड्याची खोली आहे, कचेरीच्या मागे. त्यावर आपिसाई मान हलवत म्हणाला, "साऱ्या गावाला जमीन वाटली आणि स्वतः जिन्यावर राहिला, तवाले."

तवाले म्हटल्यावर गौंडर हसला. मी त्याला चौदा वर्षं ओळखत होतो. पुढचा एक दात पडलेला आहे हे मला तेव्हा दिसलं.

सह्या त्याच दुपारी सुरू झाल्या. भाऊबंदांतले जे शहरात होते त्यांच्या पुढच्या दोन आठवड्यांत आल्या. घर आणि एक एकर, पुन्हा तीस वर्षं. काकी म्हणाली, "तीस कशाला? अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी मला परत यांच्याकडे यावं लागेल." नोव्हेंबरात पट्टा तिच्या हातात पडला, लाल फितीत.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. गौंडर बसला. आपिसाईच्या चटईवर बसला, चार प्याला. रघबीर जिना चढला, तेव्हा मी वरच होतो.

"माझ्या सगळ्या फायली द्या," तो म्हणाला. भांडला नाही, हे सांगायला हवं. खुर्चीवरसुद्धा बसला नाही. "आजवर वाटायचं, तुम्ही कुणाचेच नाही. म्हणून माझेही होतात."

गौंडरने स्वतः फायली काढल्या, वीस वर्षांच्या. यादी केली, सही घेतली, जिन्यापर्यंत उचलून दिल्या. कपाटात दोन खण मोकळे झाले. रघबीरच्या मागून आणखी तिघं आले. मी म्हणालो, "जाऊ द्या वकील साहेब, आता तरी मोकळे झालात. बसा आता कुणाकडेही."

"हो," तो म्हणाला. "आता यायला हरकत नाही."

हे मी ऐकलं, आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी माझी दुसऱ्या एका कुळाची लढाई सुरू झाली. आमच्याकडे या म्हणायला मी विसरलो असं नाही. माझ्या मनातच आलं नाही. इतकी वर्षं जो कुणाकडे आला नाही, त्याला बोलवायचं असतं हे अंगवळणी नव्हतं कुणाच्या. तो मात्र, बेकरीवाला नंतर म्हणाला, त्या महिन्यात रोज पाच वाजता कचेरी बंद करायचा, धुतलेला सदरा घालायचा, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा राहायचा. कुणी दिसलं की "काय, कुठे निघालात?" विचारायचा. लोक म्हणायचे, "घरी, साहेब." आणि झपाझप निघून जायचे. वकिलाने कुठे निघालात विचारलं तर कोण थांबेल?

डिसेंबरातला एक गुरुवार. उन्हं उतरली होती. काकीच्या अंगणात आम्ही पाचसहा जण परातीभोवती बसलो होतो. काकी तळलेले कसाव्याचे कंद घेऊन बाहेर आली तेवढ्यात गाडी फाटकाशी थांबली. गौंडर उतरला. धुतलेला सदरा. काखेत कागदात बांधलेलं एक बोचकं, आणि त्याला लाल फीत.

पहिली नजर सगळ्यांची फितीवर गेली.

हसणं थांबलं. एकजण पटकन उठून उभा राहिला, मग दुसरा, मग आम्ही सगळेच. काकीच्या हातातली थाळी कलली. "वकील साहेब," ती म्हणाली, "आता काय राहिलं? आपिसाईने बदललं का मन?"

"नाही, नाही," तो म्हणाला. फाटकाच्या आतच उभा होता.

"रघबीरने काही केलं? नोटीस आहे?"

मी पुढे झालो. माझा आवाज कचेरीत चढतो तसाच चढला असणार. "द्या इकडे, बघू. कुणाची नोटीस आहे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग परातीकडे, उभ्या राहिलेल्या माणसांकडे, आणि काकीच्या चेहऱ्याकडे. चष्मा काढून पुसला.

"काही नाही," म्हणाला. "पट्टा कोरड्या जागी ठेवलाय ना, एवढंच विचारायला आलो होतो. टिनाचं छप्पर आहे."

"ठेवलाय, साहेब. डब्यात."

"मग ठीक."

बोचकं त्याने पायरीवर ठेवलं आणि गेला. गाडी वळली तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्याच्या हातात स्टूल नव्हतं.

फीत काकीने सोडली. आत नंगोना होती. जाड मुळी, धुतलेली, एका लांबीची कापलेली. बाजारात असली सहज मिळत नाही, निवडायला सकाळी लवकर जावं लागतं. बांधायला घरात दुसरी दोरी नसणार त्याच्या.

एकाने मुळी कुटायला उचलली, तर काकीने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "ज्याने आणली त्याने बसून पुढे ठेवल्याशिवाय ती आपली नाही," म्हणाली. तिने कागद परत गुंडाळला, तीच फीत बांधली, आणि बोचकं घरात पट्ट्याच्या डब्याशेजारी ठेवलं.

सकाळी मी जिना चढलो. तो डबा खात नव्हता, तरी दार ओढलेलं होतं.

"वकील साहेब, पुढच्या गुरुवारी या. काकीने सांगितलंय."

"गुरुवारी," त्याने वही उघडली. पान कोरं होतं, मला उलटं दिसत होतं. "बघतो. कामं आहेत."

"आम्हाला वाटलं नोटीस आहे," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "माझ्या हातात दुसरं काय असणार?"

रागाने म्हणाला असता तर मी काही बोललो असतो. तो समजूत काढल्यासारखं म्हणाला, माझी. पत्राच्या आधी आपिसाईकडे मी गेलोच नव्हतो, हे तेव्हा मी त्याला सांगितलं. बसून, टेबलावर हात सरळ ठेवून. तो म्हणाला, "माहीत आहे, बिसेसर." आणि समोरच्या फायलीची गाठ सोडू लागला.

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी मी जिना चढून विचारतो. तो वही उघडतो. काकीच्या फडताळात बोचकं तसंच आहे, मुळी आता वाळून हलकी झालीय. संध्याकाळी आम्ही बसतो तेव्हा फाटकाच्या बाजूची जागा मोकळी ठेवतो, आणि कुणी नवा माणूस येऊन तिथे टेकायला लागला तर काकी आतून म्हणते, "तिथं नको, भैया. इकडे सरक."